घोडी जिथे थांबायची

ती सफर म्हणजे माझ्या वाट्याला आलेल्या घोडीची शेवटची परीक्षा आहे, हे मला पहिल्याच सकाळी कळलं. सांगितलं मोतद्दाराने. खोगिराचा पट्टा ओढता ओढता, माझ्याकडे न बघता.

"ताई, हिला नीट न्या. या फेरीत थांबली तर हिला काढणार हायेत."

"काढणार म्हणजे?"

"विकणार. वय झालंय, त्यात खोड लागलीय. पाव्हणा वर बसलेला असला तरी एका जागी उभी ऱ्हाते. बाई म्हणाल्या, ह्या बारीला वर माणूस घेऊन चारी दिवस सरळ गेली तर ठेवू. न्हाईतर खलास."

विकलेली म्हातारी घोडी पुढे कुठे जाते, असं मी विचारलं. त्याने पट्टा फार आवळला नाही ना ते बोटं घालून बघितलं आणि म्हणाला, ते कोणी सांगत नाही.

मी वर्षभर दर रविवारी पहाटे दुबई मरीनातून तासभर गाडी हाकत त्या तबेल्यावर जायची आणि घोड्यावर बसायला शिकायची. वजनाने हलकी, हात मऊ, म्हणून मला ही घोडी दिली होती. तपकिरी रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका, वय वीसच्या आसपास. डिसेंबरच्या सुट्टीत तबेल्याची चार दिवसांची सफर निघायची. वाळूतून डोंगरांच्या पायथ्यापर्यंत, रोज सहा-सात तास घोड्यावर, मुक्काम तंबूत. सफर चालवणारी बाई आयरिश होती. ती तिच्या देशात असताना हेच करायची. पाहुण्यांना घोड्यावर घालून शेतांच्या कडेने, समुद्राच्या काठाने, या खेड्यातून त्या खेड्यात आठ-आठ दिवस न्यायची. तिकडे पावसामुळे पुढचं दिसत नाही, इथे उन्हामुळे दिसत नाही, घोड्याला दोन्ही सारखंच, असं ती म्हणायची.

आम्ही पाहुणे तिघं. मी, माझ्या ऑफिसातले पुण्याचे एक अकाउंटंट आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी. बाई पुढे, मग ते बापलेक, शेवटी मी. मोतद्दार पाणी, चारा आणि तंबू घेऊन पिकअपमधून पुढे जायचा आणि दुपारच्या जागी आमची वाट बघायचा. तो साताऱ्याकडचा, माण तालुक्यातला. पन्नाशीचा. मी त्याला मामा म्हणायची.

माझं घर इचलकरंजीचं. आमच्याकडे देवघराच्या कोनाड्यात देव नव्हते, पत्रकांचे गठ्ठे होते. वडील यंत्रमाग कामगारांसाठी लिहायचे आणि जत्रेच्या दिवसांत अंगात येणाऱ्यांच्या विरुद्ध लिहायचे. मी वाचायला शिकले ते त्या पत्रकांवर. घड्या घालताना हातांना शाई लागायची आणि ती शाई तशीच घेऊन मी शाळेत जायची. खोटं छापायचं नाही, घाबरून थांबायचं नाही आणि दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही, एवढे तीन नियम आमच्याकडे होते. आता मी एकतिसाव्या मजल्यावर बसून फ्लॅट विकायची पत्रकं लिहिते. त्यामुळे ऑफिसच्या बाहेर माझी जीभ जास्तच तिखट झाली असावी.

पहिल्या संध्याकाळी जेवताना बाईंनी त्यांच्या गावचं एक झाड सांगितलं. शेताच्या मधोमध एकटं उभं असलेलं काटेरी झाड. ते कोणी तोडत नाही. नांगर त्याला वळसा घालतो, सरकारी रस्तासुद्धा वळवून नेला म्हणे. त्या झाडाखाली कोणाची तरी ये-जा असते. ती कोणाची हे मोठ्याने बोलायचं नसतं.

मी हसले. हसून थांबले असते तर बरं झालं असतं. मी त्यांना इंग्रजीतून दहा मिनिटं सुनावलं. भीती कशी वाढवली जाते, तिच्यावर कोणाचं पोट चालतं, सगळं. बाई शांतपणे ऐकत होत्या. अकाउंटंट मला मराठीत म्हणाले, "अहो, त्यांना जेवू द्या." मग बाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाले की हिला लहानपणी दुधाऐवजी पत्रकं पाजलीत, मनावर घेऊ नका. त्यांची मुलगी मात्र बाईंकडेच बघत होती. "बट डिड यू एव्हर टच इट?" तिने विचारलं. बाई नाही म्हणाल्या. स्पर्श करावा असं कधी वाटलंच नाही.

दुसऱ्या दिवशी वाळवंट रिकामं झालं. म्हणजे आदल्या दिवशी निदान विजेच्या तारा होत्या, लांबवर उंटांची रांग होती, कोणाच्या तरी गाडीची चाकोरी होती. आता काहीच नव्हतं. वाळू, मधूनच एखादं घाफचं, म्हणजे आपल्या शमीचं, झाड, आणि वारा पडला की इतकी शांतता की आपल्याच कानात काहीतरी वाहतंय असं वाटावं. वाळूत घोड्यांच्या टापांचा आवाज येत नाही. पुढचे तिघं टेकाडाआड गेले की ते गेलेत की कधी नव्हतेच, असा प्रश्न पडायचा. मी हे मनातल्या मनात हसून घालवायची. घोडी मात्र हसण्यासारखं काही करत नव्हती. ती एक कान पुढे आणि एक कान मागे ठेवून चालायची. मागचा कान माझ्याकडे नव्हता. तो माझ्या डाव्या गुडघ्याच्या बाजूला, खाली, कोणीतरी बरोबर चालत असावं तसा वळलेला असायचा.

त्या संध्याकाळी मामाने मला खूर साफ करायला शिकवलं. तबेल्यात ते काम मोतद्दारच करतात, पण मला शिकायचंच होतं. घोड्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, पायावरून खाली सरकवत न्यायचा, नडगीला हलकं दाबायचं. घोडा आपणच पाय उचलतो. मग आकड्याने खुरातली वाळू, खडे खरवडून काढायचे. आधी डावा पुढचा, मग उजवा पुढचा, मग डावा मागचा, मग उजवा मागचा. ही मामाची रीत. घोड्याला रीत लागते, तो म्हणाला, पुढचा पाय कुठला ते त्याला ठाऊक असतं, आपण हात लावायच्या आधी तो त्या पायावरचं वजन काढून ठेवतो. ही घोडी मात्र चुकायची. डावा पुढचा झाला की ती डावा मागचा हलका करायची. मामाला तिला दर वेळी थोपटून समजवावं लागायचं.

"चार वर्षं झाली माझ्याकडं हाय," तो म्हणाला, "अजून शिकत न्हाई."

मग आकडा पुसता पुसता त्याने खरी गोष्ट काढली. उद्या सकाळी वाटेत एक सोडलेलं खेडं लागतं. दहा-बारा घरं, निम्मी वाळूत गेलेली. सफरीच्या कागदावर त्या जागेला फोटो काढायचा थांबा म्हटलंय. ही तिथंच थांबते. शेवटच्या घरापाशी.

"तिथं उतरा, ताई. लगाम हातात धरून चालत न्या. मग ती थांबत न्हाई. पुढं गेल्यावर परत बसा. बाई पुढं असतात, त्यांना कळत बी न्हाई."

का थांबते, असं मी विचारलं. त्याने जे सांगितलं ते असं. त्याच्या आधी या घोडीला दुसरा मोतद्दार होता. खानदेशातला. बारा वर्षं त्यानेच तिला सांभाळलं. एका उन्हाळ्यात नवी वाट बघायला म्हणून तबेल्याच्या मालकाच्या माणसाने त्याला घोडीसकट त्या बाजूला पाठवलं. दुपारी त्या शेवटच्या घराच्या सावलीला तो तिचे खूर साफ करायला वाकला आणि तिथेच आडवा झाला. संध्याकाळी शोधायला गेले तेव्हा घोडी त्याच्यापाशी उभी होती. कागदावर हृदय बंद पडलं असं लिहिलं.

माझं डोकं फिरलं. जून-जुलैच्या दुपारी माणसाला तिथे कोणी पाठवलं, पाणी किती दिलं होतं, घरच्यांना काय मिळालं, हे सगळं मी एका दमात विचारलं. मामाला त्यातलं निम्मं ठाऊक नव्हतं आणि निम्मं बोलायचं नव्हतं. "ते माणसाचं झालं," तो म्हणाला, "आता घोडीचं बघा."

मी उतरणार नाही असं सांगितलं. मला आजही तो संवाद आठवला की माझा स्वतःचाच आवाज ऐकू येतो, सभेत बोलल्यासारखा. मी म्हणाले की उतरले तर दोन गोष्टी होतील. एक, बाईंना फसवल्यासारखं होईल, कारण अट वर माणूस घेऊन जायची आहे. दुसरी, तिथे काहीतरी आहे असं मीच कबूल केल्यासारखं होईल. तिथे काही नाही, मामा. एका कामगाराला उन्हात मारलं, एवढंच आहे. घोडीला सवय लागलीय, ती मी मोडते.

घोडीच्या तोंडापुढे मामाने चारा ठेवला आणि माझ्याही हातात चहा दिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं पडलं. इथल्या हिवाळ्यात ते पडतं, रस्त्यावर गाड्या एकमेकींवर जातात त्याच्या बातम्या येतात, पण वाळवंटात उघड्यावर मी ते कधी बघितलं नव्हतं. सूर्य उगवला असावा, कारण पांढरेपणा वाढला. बाकी काही उगवलं नाही. घोडीच्या मानेपलीकडचं दिसेना. केसांवर पाणी साचलं होतं, वाळू ओली होऊन गडद झाली होती. बाईंनी ठरवलं की मामाने पिकअप पुढे नेऊन दर दोन मिनिटांनी हॉर्न द्यायचा आणि आम्ही त्या आवाजाच्या रोखाने एकामागे एक चालायचं. आवाज गेला तर जागीच थांबायचं.

सुरुवातीला हॉर्न समोरून यायचा. मग तो उजवीकडून यायला लागला. मग एकदा मागून आल्यासारखा वाटला. धुक्यात आवाज फिरतो हे मला माहीत होतं. पुढच्या मुलीचं शिंकणं अगदी कानाशी ऐकू यायचं आणि तिचा घोडा मात्र दिसायचा नाही. मग टापा वाजायला लागल्या. वाळू संपून खडे लागले होते. पहिली भिंत माझ्या रिकिबीला घासतेय की काय इतकी जवळ आली आणि गेली. मग एक खिडकी, तिच्या कठड्यापर्यंत आत वाळू भरलेली. मग एक दार, उघडं. आत हिरव्या रंगाची भिंत आणि छताला पंखा, आणि पंख्याच्या हातभर खाली वाळू. कोणीतरी घर गळ्यापर्यंत पुरून ठेवलं होतं.

मी पायांनी घोडीला दाबलं, लगाम सैल ठेवला, शिकवलंय तसं सगळं केलं. ती चांगली चालत होती. शेवटच्या घराचा कोपरा आला आणि ती थांबली.

दचकून नाही. घाबरलेला घोडा मला माहीत आहे, त्याची पाठ खालून ताठ होते. हिची पाठ सैल झाली. तिने मान खाली घातली, सुस्कारा सोडला, आणि दोन्ही कान डावीकडे वळवले. मी टाचा मारल्या. ती हलली नाही. मी तिला हाक मारली. एक कानसुद्धा माझ्याकडे आला नाही.

मग खाली काहीतरी सरकलं. खोगीर माझ्याखाली जरासं कललं. मला वाटलं पट्टा सुटला. वाकून बघितलं तर तिने डावा पुढचा पाय उचलून धरला होता. खूर मागे वळवलेला, हातात दिल्यासारखा. आणि तो तसाच राहिला. कंटाळलेला घोडा पाय उचलतो आणि टाकतो, खुराने जमीन उकरतो. हिने तो धरून ठेवला. मी आकडे मोजत होते हे मला मागाहून कळलं. साठच्या पुढे गेल्यावर तिने तो अलगद खाली ठेवला. मग डावा मागचा उचलला. तोही तेवढाच वेळ. मग तिचे कान डावीकडून हळूहळू सरकत मागे गेले आणि मागून फिरून उजवीकडे आले. कोणीतरी तिच्या शेपटीमागून वळसा घालून पलीकडे जातंय आणि ती त्याला ऐकतेय, अशा चालीने. मग उजवा मागचा. मग उजवा पुढचा.

मी खाली बघितलं. खड्यांवर, ओल्या मातीवर, पावलं आहेत का ते बघितलं. नव्हती. पण मी ती शोधली, आणि शोधली याची मला जी लाज वाटली ती अजून गेलेली नाही.

चौथा पाय खाली ठेवून घोडीने मान उजवीकडे वळवली आणि हवेत नाकपुड्या फुलवल्या. मग आपणहून चालायला लागली.

बाई धुक्यातून परत माझ्याकडे आल्या. मी मागे नाही हे त्यांना कळलं होतं. त्यांनी घोडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

हो, मी म्हणाले. किती वेळ? पाच-सहा मिनिटं. का थांबली असेल, तुला काय वाटतं? सवय, मी म्हणाले. बाईंनी मान हलवली. त्यांना आनंद झाला नव्हता, पण निर्णय झाला होता. उद्या घोडे परत न्यायला लॉरी येईल तेव्हाच घोडी विकायला वेगळ्या गाडीत घालू, त्या म्हणाल्या.

खोटं बोलले नाही याचं समाधान मला दुपारपर्यंत पुरलं.

संध्याकाळी मामा घोडीला खरारा करत होता. त्याला बाईंनी सांगितलं होतं. तो माझ्यावर रागावला असता तर मी भांडले असते, माझ्याकडे मुद्दे तयार होते. तो नुसता खरारा करत राहिला. मग म्हणाला, "नुसतीच उभी ऱ्हायली का?"

मी त्याला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं.

"कुठला पाय आधी?"

मी क्रम सांगितला. डावा पुढचा, डावा मागचा, मग मागून फिरून उजवा मागचा, उजवा पुढचा. मामाने खरारा खाली ठेवला.

"ही माझी रीत न्हाई," तो म्हणाला. "ही त्याची. मी नवा आलो तवा दोन महिने त्याच्या हाताखाली होतो. घोड्याच्या तोंडापुढनं जायाचं न्हाई म्हणायचा, मागनं फिरायचा. त्याच्यासारखं कुणी करत न्हाई." मग तो माझ्याकडे वळला. "हे बाईंना सांगितलं?"

नाही, मी म्हणाले. त्या झाडाबिडांवर विश्वास ठेवणाऱ्या. त्या उद्या याची गोष्ट करून पाहुण्यांना जेवताना ऐकवतील. मी असल्या गोष्टी पसरवत नाही.

"म्हणजे निम्मं सांगितलं," मामा म्हणाला. आवाज चढवला नाही. "जे घोडीच्या विरुद्ध जातं तेवढं सांगितलं."

माझ्या तोंडावर कोणी इतकं नेमकं बोललेलं मला आठवत नाही. वडील असते तर त्यांनी हेच लाल शाईने अधोरेखित केलं असतं. दिसलं नाही ते दिसलं म्हणायचं नाही, हा नियम मी पाळला होता. दिसलं ते दिसलं म्हणायचं, हा कोणी लिहूनच ठेवला नव्हता, इतका तो उघड होता.

चौथ्या सकाळी डोंगराच्या पायथ्याशी लॉरी उभी होती आणि तिच्या मागे एक लहान गाडी. अकाउंटंट आणि त्यांची मुलगी सामान बांधत होते. मी बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. पाय, किती वेळ, कान कसे फिरले. याचा अर्थ काय ते मला माहीत नाही, हेही सांगितलं. जनावराच्या अंगात बारा वर्षांची सवय इतकी खोल जाऊ शकते आणि बहुतेक तेच असेल, असंही सांगितलं. ते बोलताना माझा आवाज मला पत्रकासारखा वाटला नाही, त्यामुळे मी घाबरले.

बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, मोतद्दाराने तुला हे बोलायला सांगितलं का. मी म्हणाले, बघितलं मी काल सकाळी, एकटीने. ती कोणाची रीत आहे ते त्याने काल संध्याकाळी सांगितलं. या क्रमाने घडलं. तपासून बघा.

मग त्या म्हणाल्या की आधीचा मोतद्दार मागून फिरून जायचा, हे त्यांनी वर्षानुवर्षं बघितलं होतं. शिकाऊ पाहुण्यांनी तसं करू नये म्हणून त्याला रागावल्याही होत्या, कारण घोडा लाथ मारतो. त्याला कधी मारली नाही.

मग त्या लहान गाडीच्या ड्रायव्हरकडे गेल्या आणि त्याला जायला सांगितलं. ड्रायव्हर हात उडवत, यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, म्हणत निघून गेला. घोडी तबेल्यातच राहील, बाईंनी मामाला सांगितलं, मरेपर्यंत. पण तिच्यावर आता कोणी बसणार नाही. आणि ती परत या वाटेला येणार नाही. त्या खेड्यातून यापुढे सफर जाणार नाही, वळसा घालून जाईल.

मी मामाकडे बघितलं. मला वाटलं होतं तो हसेल. त्याने घोडीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर अंगठा ठेवला होता.

"ताई, खरं सांगा," तो हळूच म्हणाला. "बघितलंत का, का माझ्यासाठी बोललात?"

बघितलं, मी म्हणाले.

तो विश्वास ठेवायचा का नाही ते ठरवत असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. ठेवला असावा, कारण मग त्याने जे विचारलं ते विश्वास ठेवल्याशिवाय कोणी विचारणार नाही.

"मग आता त्याच्याकडं कोण जाणार?"

तिथे कोणी नाही, हे मी दोनच दिवसांपूर्वी त्याला ठासून सांगितलं होतं. त्या सकाळी ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर आलं नाही. लॉरीची फळी मी खाली केली. घोडी तिच्यावर पहिलं पाऊल टाकून थांबली, मान मागे वळवून तिने वाळूकडे बघितलं, आणि मामाने लगाम जरासा ओढल्यावर आत गेली.